ब्रेड मशीन आणि न्याहारीचे सिरियल यांची पाककृती-पुस्तके : गोव्यातील स्वयंपाकघरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखातातून सुटीवर आलेल्या मुलाने आणलेले ब्रेड मशीन, त्याच्या खोक्यात निघालेले जाडजूड इंग्रजी पाककृती-पुस्तक आणि त्यावरून केलेले पहिले दोन बसके पाव, एवढ्यावरच गोव्यातील पुष्कळ घरांत हा उद्योग थांबतो आणि मशीन माळ्यावर जाते. दोष बहुधा मशीनचा नसतो आणि करणाऱ्याचाही नसतो. पुस्तक दुसऱ्या हवेसाठी, दुसऱ्या पिठासाठी आणि दुसऱ्या मापाच्या कपासाठी लिहिलेले असते, हे कोणी सांगितलेले नसते. पाव शिकवण्याच्या निमित्ताने ज्या शंका माझ्यापुढे वारंवार आल्या, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. न्याहारीच्या सिरियलपासून, म्हणजे कॉर्नफ्लेक्ससारख्या डब्यातल्या तयार धान्यापासून, पदार्थ करण्याची पुस्तके हा विषय वेगळा वाटला, तरी अडचणी त्याच असल्यामुळे तोही सोबत घेतला आहे.

दारात पोदेर (घरोघर पाव विकणारा पाववाला) येत असताना मशीन आणि त्याचे पुस्तक कशासाठी घ्यावे?

पोदेराच्या पावाची जागा घेण्यासाठी घेणार असाल, तर घेऊ नये. लाकडावर तापलेल्या भट्टीतला उंडो किंवा कोंड्यात घोळलेली पोयी विजेच्या चौकोनी डब्यातून निघत नाही आणि तसे आश्वासन देणाऱ्या पुस्तकावर विश्वास ठेवू नये. मशीनचा उपयोग वेगळा आहे. सँडविचसाठी कापता येणारा मऊ पाव, नाचणीचे किंवा ओट्सचे पीठ घातलेला पाव, मीठ-साखर स्वतःच्या हिशेबाने घातलेला पाव आणि मुख्य म्हणजे पीठ मळण्याचे कष्ट वाचवणे, यासाठी ते उत्तम आहे. सकाळी सायकलचा भोंपू वाजला की उंडे घ्यावेत आणि मशीन दुपारी लावावे, अशी आमच्या घरची वाटणी आहे.

पुस्तक विकत घेताना सर्वांत आधी काय पाहावे?

पिठाचे माप ग्रॅममध्ये दिले आहे का, हे पाहावे. कपात पीठ दाबून भरले तर दीडशे ग्रॅमपर्यंत जाते आणि चमच्याने अलगद भरले तर १२० ग्रॅमच्या आसपास राहते. तीन कपांच्या पाकृतीत हा फरक नव्वद ग्रॅमपर्यंत पोहोचतो आणि तेवढ्याने पाव दगड होतो किंवा कोसळतो. जे पुस्तक केवळ कप सांगते, त्याने निदान कप कसा भरायचा हे तरी प्रस्तावनेत सांगितलेले असावे.

दुसरी कसोटी मला अधिक महत्त्वाची वाटते. मळणी सुरू झाल्यावर पाच ते दहा मिनिटांनी झाकण उघडून गोळा पाहायला पुस्तक सांगते का? गोळा गुळगुळीत, हाताला किंचित चिकटणारा आणि भांड्याच्या कडा सोडणारा असावा; कोरडा होऊन तुटत असेल तर एकेक चमचा पाणी घालावे, तळाशी पसरत असेल तर एकेक चमचा मैदा. झाकण अजिबात उघडू नका, असे बजावणारी पुस्तके मी बाजूला ठेवते. मळताना झाकण उघडल्याने काही बिघडत नाही. पाव फुगत असताना आणि भाजत असताना मात्र ते उघडू नये.

रंगीत छायाचित्रांच्या संख्येवरून पुस्तकाची किंमत ठरवू नये.

जुनी, सेकंड-हँड पुस्तके घ्यावीत का?

घ्यावीत, पण ती कोणत्या मशीनसाठी लिहिली आहेत हे समजून. घरगुती ब्रेड मशीन १९८७ मध्ये जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने, म्हणजे आजच्या पॅनासोनिकने, बाजारात आणले. सुरुवातीच्या नमुन्यात पीठ नीट मळले जात नव्हते, तेव्हा कंपनीतील इकुको तानाका या सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या तंत्रज्ञ ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेल्या. तो पीठ नुसते दाबत नाही, तर ओढून पिळतो, हे त्यांनी हेरले आणि त्यानुसार भांड्याच्या आत कंगोरे बसवण्यात आले. आपल्या पोदेराचे हातही तेच करतात, हे भट्टीत उभे राहून पाहिलेल्याला सांगावे लागणार नाही.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत ही मशीन घरोघरी गेली आणि पुस्तकांचा पूर आला. त्या काळच्या पुस्तकांतील पाकृती पुष्कळदा एक पौंडाच्या लहान पावासाठी आहेत. चार जणांच्या कुटुंबाला तेवढा पाव एका न्याहारीला पुरतो, त्यामुळे हा दोष मानण्याचे कारण नाही.

पौंडातील आकार आपल्या मशीनशी कसा जुळवावा?

एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमचा तयार पाव, दीड पौंड म्हणजे ६८०, दोन पौंड म्हणजे ९०० ग्रॅम. ढोबळमानाने त्यांना अनुक्रमे दोन, तीन आणि चार कप पीठ लागते. पाकृती कोणत्या आकाराची आहे हे लिहिलेले नसेल, तर पिठाच्या कपांवरून ओळखावे. मोठ्या भांड्यात लहान पाव करता येतो, तो फक्त बुटका दिसतो. लहान भांड्यात मोठी पाकृती घातली तर पीठ उतू जाऊन खालच्या हीटरवर पडते आणि पुढचे दोन दिवस घरात करपल्याचा वास राहतो.

सगळ्या पुस्तकांतला कप आणि चमचा एकच असतो का?

नाही, आणि सर्वाधिक पाव याच गैरसमजाने बिघडतात. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो, मेट्रिक कप २५० चा आणि जपानी कप २०० चा. मोठा चमचा अमेरिकी व ब्रिटिश पुस्तकांत १५ मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियातील पुस्तकांत २० मिलिलिटरचा धरतात. लहान चमचा मात्र सगळीकडे पाचाचाच आहे. मशीनसोबत आलेला प्लॅस्टिकचा कप कितीचा आहे, हे एकदा पाण्याने मोजून त्याच्यावर मार्करने लिहून ठेवावे. आपली आमटीची वाटी हे माप नव्हे, हे सासूबाईंना पटवणे आमच्याकडे पाव फुगवण्यापेक्षा अवघड गेले.

पुस्तकात सांगितलेले ‘ब्रेड फ्लोअर’ मिळाले नाही तर मैदा चालेल का?

चालेल, परंतु पाणी कमी करावे लागेल. ब्रेड फ्लोअरमध्ये प्रथिनांचे प्रमाण साधारण १२ ते १४ टक्के असते. दुकानातील साधा मैदा बहुधा १० ते ११ टक्क्यांचा असतो, म्हणून तो पाणी कमी पितो आणि त्याची प्रथिनांची जाळीही लवकर थकते. पुस्तकातील पाण्यापैकी दोन मोठे चमचे आधी बाजूला ठेवावेत आणि गोळा पाहून लागतील तसे घालावेत. गव्हाचे ग्लुटेन, म्हणजे ही जाळी बनवणारे प्रथिन, वेगळे मिळत असेल तर तीन कप मैद्याला एक मोठा चमचा पुरे.

चक्कीवरच्या कणकेची गोष्ट उलट आहे. तिच्यात प्रथिने कमी नसतात, पण जात्यात दाबून दळल्यामुळे स्टार्चचे कण फुटलेले असतात आणि असे पीठ पाणी भराभर शोषते. शिवाय कोंड्याचे कण पिठाची जाळी कापतात. परदेशी पुस्तकातील शंभर टक्के गव्हाच्या पावाची पाकृती आपल्या कणकेने जशीच्या तशी केली, तर घट्ट वीट निघते. निम्मा मैदा, निम्मी कणीक येथून सुरुवात करावी, पाणी थोडे वाढवावे आणि मशीनचा गव्हाच्या पावाचा लांब प्रोग्रॅम वापरावा. ‘सेल्फ-रेझिंग’ पीठ यीस्टच्या पावाला वापरू नये. त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच असते.

यीस्टच्या नावांचा गोंधळ कसा सोडवावा?

इन्स्टंट यीस्ट थेट पिठावर घालता येते. ॲक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे जाडसर असतात आणि ते कोमट पाण्यात फुलवून घेतलेले बरे. बेकरीत मिळणारे ओले यीस्ट दहा ग्रॅम सांगितले असेल, तर त्याऐवजी इन्स्टंट साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक लहान चमचा भरून, घ्यावे. अमेरिकी पुस्तकात ‘एक पाकीट’ म्हटले की ते सात ग्रॅमचे, म्हणजे सव्वादोन लहान चमचे. उघडलेला डबा फ्रिजमध्ये घट्ट बंद ठेवावा. गोव्याच्या दमट हवेत ओट्यावर राहिलेले यीस्ट फार दिवस टिकत नाही.

घटक घालण्याच्या क्रमाबाबत पुस्तक आणि मशीनची माहितीपुस्तिका यांत मतभेद दिसला, तर पुस्तिकेचे ऐकावे. बहुतेक मशीनमध्ये आधी पातळ पदार्थ, मग पीठ आणि सर्वांत वर यीस्ट असा क्रम असतो, पण काहींमध्ये तो नेमका उलटा आहे.

पावसाळ्यात आणि मे महिन्यात तीच पाकृती वेगळी का वागते?

कारण या पुस्तकांचे स्वयंपाकघर बहुधा वीस-बावीस अंश तापमानाचे आणि कोरडे असते. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावरचे पाणीच तीस अंशांच्या वर असते. त्यात मळणीच्या घर्षणाची उष्णता मिळाली की पीठ फार लवकर फुगते आणि भाजण्याची वेळ येईपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. वरचा भाग खड्ड्यासारखा खचलेला पाव हे त्याचेच लक्षण. पीठ मळून झाल्यावर ते २४ ते २७ अंशांच्या दरम्यान असावे, असे धोरण ठेवावे. त्यासाठी उन्हाळ्यात फ्रिजमधले थंड पाणी वापरावे, यीस्ट चतुर्थांशाने कमी करावे आणि मीठ कमी करू नये. मीठ केवळ चवीसाठी नसते. पिठाच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के मीठ यीस्टला लगाम घालते. ‘पाणी कोमट घ्या’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पुस्तकात छापलेले असते आणि इन्स्टंट यीस्ट वापरणाऱ्याने गोव्यात ते मार्च ते मे सरळ खोडून टाकावे.

जून लागला की प्रश्न बदलतो. पीठ हवेतला ओलावा आधीच पिऊन बसलेले असते, त्यामुळे तेच पाणी जास्त होते. तीन कप पिठाला एक ते दोन मोठे चमचे पाणी कमी घालून पाहावे. पिठाचा डबा घट्ट झाकणाचा असावा आणि चतुर्थीच्या आधी आणलेले पीठ दिवाळीपर्यंत ठेवू नये. तयार पाव मशीनमध्ये तसाच राहू दिला तर वाफेने त्याची कड लिबलिबीत होते, म्हणून लगेच काढून जाळीवर पूर्ण गार करावा. पुस्तकात तीन दिवस टिकेल असे लिहिले असले, तरी श्रावणात दुसऱ्या दिवशी बुरशीची पाहणी करावी. कापून फ्रीझरमध्ये ठेवणे सर्वांत सुरक्षित.

रात्री टायमर लावून सकाळी ताजा पाव मिळवावा का?

पाणी, पीठ, तेल, मीठ, साखर आणि कोरडे यीस्ट एवढेच असेल तर मिळवावा. दूध, अंडे, दही किंवा ताजे खोबरे असलेल्या पाकृतीला टायमर लावू नये; आपल्या उकाड्यात सात-आठ तास ते भांड्यात राहणे धोक्याचे आहे. दुधाची पावडर वापरली तर ती पिठासोबत कोरडी राहते आणि अडचण टळते. यीस्ट पाण्याला लागणार नाही, अशा बेताने पिठाच्या मधोमध खळगा करून ठेवावे.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे तक्ते आपल्याला लागू होतात का?

नाही. ते साधारण तीन हजार फुटांच्या वरच्या गावांसाठी असतात. ती पाने ओलांडावीत.

यीस्टऐवजी माडाची सूर (माडी) घालता येईल का?

जुन्या गोव्यातला पाव सुरेनेच फुगत असे, त्यामुळे हा प्रश्न भावनेतून येतो आणि तो मला आवडतोही. मशीनची अडचण अशी की त्याचे फुगवण्याचे वेळापत्रक ठरलेले असते, तास-दीड तासाचे, आणि ते बाजारच्या यीस्टच्या वेगावर बेतलेले आहे. सुरेतले यीस्ट किती, हे माडावर, हवेवर आणि रेंदेराने (माडावर चढून सूर काढणाऱ्याने) ती उतरवून किती वेळ झाला यावर ठरते. म्हणून मशीनला फक्त मळू द्यावे, गोळा बाहेर काढून दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावा, मग त्याला चार तास लागोत वा आठ, आणि ओव्हनमध्ये भाजावे. सूर पाण्याच्या जागी धरावी, पाण्याशिवाय जास्तीची नव्हे.

मग पोयीसुद्धा अशीच करता येईल?

बऱ्यापैकी. येथे एक खुलासा करते, तो म्हणजे गोव्यात पुष्कळ जण तिला ‘पोळी’ असेही म्हणतात आणि बाहेरून आलेल्या मराठी वाचकाला चपातीच डोळ्यांपुढे दिसते. कणीक आणि मैदा यांचे पीठ मशीनच्या ‘डो’ प्रोग्रॅमवर मळून-फुगवून घ्यावे, गोळे चपटे करून गव्हाच्या कोंड्यात घोळवावेत, अर्धा तास विसावू द्यावेत आणि आधीच कडक तापलेल्या ट्रेवर २३० ते २५० अंश सेल्सिअसला भाजावेत. पोटात पोकळी होईल, पण लाकडाच्या धुराचा वास येणार नाही.

मिठागरातले मीठ आणि माडाचा गूळ वापरावा का?

चवीला उत्तम, भांड्याला वाईट. जाडे मीठ कोरडेच टाकले तर पाते फिरताना नॉनस्टिक थरावर ओरखडे उठतात. दोन्ही मोजलेल्या पाण्यात विरघळवून आणि गाळून घालावीत. काजूचे तुकडे मशीनची शिट्टी वाजल्यावरच घालावेत, नाहीतर त्यांचा भुगा होतो.

अमेरिकेहून आणलेले मशीन येथे चालेल का, आणि मध्येच वीज गेली तर?

तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. माझ्या पहिल्या मशीनने हा धडा एका क्षणात आणि धुरासकट दिला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि मशीन सहा-सातशे वॉटचे असल्यामुळे तो हजार वॉटचा असावा. आखाती देशांतून आणलेले मशीन सहसा सरळ चालते. तरी मागची पट्टी वाचावी.

वीज थोडी मिनिटे गेली तर पुष्कळ मशीन जेथे थांबली तेथून पुढे चालू होतात. जास्त वेळ गेली आणि पीठ फुगत असेल, तर ते तेलाचा हात लावलेल्या टिनात काढून ओव्हनमध्ये किंवा गॅसवर जाड झाकणाच्या पातेल्यात भाजावे. मेच्या अखेरीस संध्याकाळी ढग गडगडू लागले की पाव लावूच नये.

न्याहारीच्या सिरियलपासून पदार्थ करण्याची पुस्तके ही काय भानगड आहे?

मूळ अमेरिकेतले. १८९४ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग आणि त्यांचे भाऊ विल कीथ केलॉग यांच्या हातून शिजवून शिळे झालेले गहू रुळांतून गेले आणि त्यांच्या पापुद्र्यांसारख्या चकत्या निघाल्या. १९०६ मध्ये विल कीथ यांनी मक्याच्या चकत्यांची कंपनी काढली. डबा रोज न्याहारीला संपत नाही, म्हणून उरलेल्याचे काय करावे हे कंपन्यांनी खोक्याच्या पाठीवरच छापायला सुरुवात केली. फुललेल्या तांदळाच्या सिरियलमध्ये वितळलेला मार्शमॅलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) घालून केलेल्या वड्या १९३९ मध्ये केलॉग कंपनीच्याच स्वयंपाकघरातून आल्या. पुढे अशा पाकृतींची पुस्तके झाली. भारतात ही कंपनी १९९४ मध्ये आली. दिवाळीला पाच प्रकारचे फोव (पोहे) करणाऱ्या गोमंतकीयांना चपटे केलेले धान्य ही नवलाई नाही. नवी आहे ती त्यातली साखर, मीठ आणि माल्ट (मोड आणलेल्या धान्याचा अर्क).

कॉर्नफ्लेक्स म्हणजेच मक्याचे पोहे ना?

नाही, आणि येथे फसगत हमखास होते. चिवड्यासाठी वाण्याकडे मिळणारे मक्याचे पोहे कच्चे, कडक आणि पिवळसर असतात. ते तळले की फुलतात. डब्यातले कॉर्नफ्लेक्स आधीच भाजलेले व साखर लावलेले असतात, ते गरम तेलात टाकले तर क्षणात काळे पडतात. मराठी पुस्तकातील ‘मका पोहे’ आणि इंग्रजी पुस्तकातील ‘कॉर्नफ्लेक्स’ यांची अदलाबदल करू नये. फुललेल्या तांदळाच्या सिरियलऐवजी कुरमुरे मात्र चालतात. ते आधी कोरडे भाजून कुरकुरीत करावेत, कारण आपल्या हवेत ते मऊ पडलेलेच असतात.

एक कप सिरियल आणि एक कप सिरियलचा चुरा यांत फरक आहे का?

तिपटीचा आहे. एक कप अख्खे कॉर्नफ्लेक्स तीस ग्रॅमच्या आतच भरतात. चुरून झाल्यावर एक कप भरायला अख्खे तीन कप तरी लागतात. आधी मोजून मग चुरायचे की चुरून मग मोजायचे, हे पाकृतीच्या घटकांच्या यादीत शब्दांच्या क्रमावरून समजते. वजन दिले असेल तर प्रश्नच उरत नाही.

पावाच्या पिठात सिरियल घालता येते का?

येते, आणि दोन्ही पुस्तके येथे एकत्र येतात. तीन कप पिठाला अर्धा ते पाऊण कप कोंड्याचे किंवा ओट्सचे सिरियल पुरे. ते पाणी हळूहळू ओढते, त्यामुळे पाच मिनिटांनी ठीक दिसणारा गोळा पंधरा मिनिटांनी कोरडा होतो. सिरियल आधी पाण्यात दहा मिनिटे भिजवून घेतले तर हा खेळ टळतो. साखरेचा किंवा चॉकलेटचा लेप असलेला प्रकार घालू नये, कड करपते आणि आत कच्चे राहते.

मासळीला रव्याऐवजी कॉर्नफ्लेक्स लावावेत, असे पुस्तक सांगते. लावावेत का?

तव्यावरच्या इसवणाला (सुरमईला) रवाच. ओव्हनमध्ये भाजणार असाल तर कॉर्नफ्लेक्सचा जाडसर चुरा रव्यापेक्षा सरस ठरतो, कारण तो कमी तेलात कुरकुरीत राहतो. मसाला लावलेले पातळ काप आधी तांदळाच्या पिठात, मग फेटलेल्या अंड्यात आणि शेवटी चुऱ्यात घोळवून २०० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे ठेवावे. चुऱ्यात मीठ आधीच असते, मसाल्यात हात आखडता घ्यावा.

शाकाहारी घरात मार्शमॅलोच्या वड्या करता येतील का?

नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. त्याऐवजी गुळाचा पाक करावा. त्याचा थेंब गार पाण्यात कडक झाला की कुरमुरे किंवा सिरियल घालून भराभर थापावे. चव कुरमुऱ्यांच्या लाडवाची येते, आणि त्यात काही गैर नाही.

ग्लुटेन चालत नसलेल्या माणसाला कॉर्नफ्लेक्स घातलेले पदार्थ द्यावेत का?

डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय देऊ नयेत. मका ग्लुटेनमुक्त असला, तरी पुष्कळ कॉर्नफ्लेक्समध्ये चवीसाठी जवाचे माल्ट असते आणि जवात ग्लुटेन असते.

विकत घेण्याआधी अशी पुस्तके कोठे चाळता येतील?

पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची स्थापना १८३२ ची. ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणात स्वयंपाकाची पुस्तके ६४१.५ च्या आसपास आणि पावाची ६४१.८१५ या अंकाखाली लावतात, म्हणून कपाटापुढे हे दोन अंक शोधावेत. जाताना आपल्या मशीनच्या भांड्याचे माप आणि कपाचे मिलिलिटर चिठ्ठीवर लिहून न्यावेत, आणि कोणत्याही पुस्तकातील साध्या पांढऱ्या पावाची पाकृती आधी काढून पाहावी. तीन कप पिठाला पाणी २५० मिलिलिटरच्या फार वर किंवा मीठ एका लहान चमच्यापेक्षा फार कमी दिसले, तर ते पुस्तक परत कपाटात ठेवावे.